रावसाहेबांनी दुरुस्त केलेलं गाणं

हॉटेलात रोज संध्याकाळी सुनेत्रा फ्रेंच गाणी म्हणायची, तीही नाटकातल्यासारखे हावभाव करून. मॅनेजर टिपणिसांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण लोक टाळ्या वाजवत. मग मालक रावसाहेब पॅरिस फिरून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "टिपणीस, बाईंचे उच्चार साफ चुकीचे आहेत. उद्यापासून यांचं गाणं बंद."

टिपणीस गोंधळले. खरं कुणाचं धरायचं? बाईच्या घरी तान्हं मूल, आणि समोर मालक.

सुनेत्रा म्हणाली, "रावसाहेब, एक नवीन गाणं म्हणते. त्यातली चूक दाखवा, मी आपणहून जाते."

तिने दोन ओळी म्हटल्या तोच रावसाहेबांनी हात वर केला. "हेच ते. पॅरिसला हा शब्द नाकातून म्हणतात." त्यांनी म्हणूनही दाखवला. टिपणिसांनी मान हलवली, पण कुणाच्या बाजूने ते त्यांनाच कळेना.

"ही चूक माझ्या लेकीची, रावसाहेब," सुनेत्रा म्हणाली. "तिची बडबड मी चालीत बसवली. अजून दातसुद्धा आले नाहीत तिला. घरी गेले की सांगते, नाकातून बोलत जा."

साथीला बसलेला पेटीवाला खाली बघून हसू लागला. रावसाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"टिपणीस," ते म्हणाले, "उद्या बाईंचं गाणं किती वाजता आहे?"