किंजळातली बाळंतीण

बसा, नीट टेकून बसा. फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, घाटातून बैलगाडीसुद्धा खाली उतरत नव्हती तेव्हाची. ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे, पण सांगायची वेळ आली की सगळे आमच्या घराकडे बोट दाखवतात. तर मी सांगतो. मधेच थांबलो तर घाई करू नका, काही ठिकाणी मला जड जातं.

सोमजाई देवीच्या देवळामागे आमच्या गावाची राई आहे. झाडं देवीची, झऱ्याचं पाणी सगळ्यांचं. त्या राईला तेव्हा एक राखणीण होती, देवकू तिचं नाव. लहानथोर सगळे तिला देवकूबाय म्हणत. ती रोज उजाडताच राईत शिरायची आणि एकेका झाडाला हात लावत फिरायची. कुणाला मोळी हवी, औषधाला साल हवी, मध हवा, तर राईच्या कडेला उभं राहून हाक मारायची. देवकूबाय आतून म्हणायची, "घे," नाहीतर म्हणायची, "थांब." घे म्हटलं तरी पडलेलंच लाकूड घ्यायचं, गळलेलाच हिरडा वेचायचा, आणि मधाचं एक पोळं माश्यांना ठेवायचं. असं म्हणतात की तिने थांब म्हटलेलं झाड वर्षभराने दुप्पट द्यायचं. खरंखोटं देवीला ठाऊक, पण तिच्या राखणीत झरा कधी आटला नाही, एवढं खरं.

एका वर्षी काय झालं, खाडीपलीकडच्या गावाने देवळाला नवा सभामंडप बांधला. झालं! आमच्या लोकांच्या पोटात दुखायला लागलं. शिमग्याला आपली पालखी उघड्यावर नाचणार आणि त्यांची मंडपात? गावाचं नाक कापलं की हो! माघ महिन्यात आमचाही मंडप उभा राहू लागला. तीन खांब मिळाले. चौथा तसाच सरळ, तसाच उंच हवा, आणि तसं झाड एकच होतं. झऱ्यावरचं किंजळ.

गावकरी राईच्या कडेला जाऊन उभे राहिले. देवकूबाय म्हणाली, "थांब."

"किती थांबायचं, बाय? शिमगा महिन्यावर आलाय."

"वैशाखापतूर थांबा. आत बाळंतीण हाय."

लोक हसले. मग तिने वर बोट दाखवलं. किंजळाच्या खोडात उंचावर एक ढोली होती आणि तिचं तोंड मातीने लिंपलेलं होतं. आत धनेशाची मादी बसली होती. हा मोठ्या चोचीचा पक्षी, आमच्याकडे त्याला गरुडच म्हणतात. त्याची मादी अंड्यावर बसताना स्वतःला आत कोंडून घेते, बोटभर फट ठेवते. पंखांची पिसं आतच गाळते, म्हणजे उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. नर दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून भरवतो. देवकूबाय म्हणाली, "पिल्लं उडाली की झाड न्या. मीच दोर धरते." दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न होता हो. तेवढाही धीर आमच्या लोकांना निघाला नाही.

तेव्हा आमचा पूर्वज, धाकू, पुढे झाला. देवीचा कौल लावायचं काम आमच्या घराकडे होतं. कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला ओली पानं चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवं आधी पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. धाकू म्हणाला, "आपण कशाला भांडायचं? देवीलाच विचारू." देवकूबाय लगेच तयार झाली. देवीपुढे आपण कोण, असं तिला वाटलं.

इथे मला जड जातं.

धाकूने डाव्या पानाला डिंक लावला. सात-आठ जाणत्यांना ते माहीत होतं, बाकीच्यांना संशय होता, आणि कोणी ब्र काढला नाही. भर दुपारी, सगळ्या गावासमोर, उजवं पान टपकन पडलं. देवकूबाय बराच वेळ डाव्या पानाकडे बघत राहिली. मग तिने पाषाणाला डोकं टेकलं आणि गावाकडे वळून हात जोडले. म्हणाली, "माझंच चुकलं. मी उगाच आडवी आले. माफी करा." आणि आमच्या लोकांनी ती माफी घेतली! नजरेला नजर देऊन घेतली.

त्याच दुपारी किंजळावर कुऱ्हाड पडली. झाड कोसळलं, ढोलीपाशी मोडलं, खांबाच्या कामाचं राहिलं नाही, आणि फटीतून ती पिवळी चोच बाहेर आली. मादी ओरडली नाही, तिला उडताही येईना. वर नर घिरट्या घालत होता, चोचीत उंबर धरून.

देवकूबाय देवळात धावली, देवीच्या पायाशी पडायला. डावं पान तसंच चिकटलेलं. तिने ते नखाने काढलं, बोटाला लागलेला डिंक नाकाशी नेला. राईतल्या प्रत्येक झाडाचा डिंक तिला वासाने कळायचा. हा काजूचा होता. राईत काजू नव्हता. काजू होता धाकूच्या परसात.

तिने बाहेर येऊन एवढंच विचारलं, "धाकू, देवीला पण?"

"मला काय ठाऊक," धाकू म्हणाला. आणि अख्खा गाव जमिनीकडे बघत उभा राहिला.

देवकूबाय झऱ्यावर गेली. झऱ्याकाठची माती आणून तिने ढोलीची फट पुन्हा लिंपली. तो ढोलीचा तुकडा उचलून ती किंजळाच्या बुंध्यावर चढली आणि दोन्ही हातांनी तो डोक्यावर उभा धरला. कोणी म्हणालं, बाय, दुसऱ्या झाडाला बांधू या. ती म्हणाली, "त्याला हीच जागा ठाऊक हाय." नर दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तिच्या मनगटावर बसला आणि त्याने फटीतून उंबर आत दिलं. असं म्हणतात की देवकूबाय रोज वीतभर उंच होत गेली, कारण नराला खाली उतरायची भीती वाटायची. बायका भाकरी घेऊन जायच्या, ती तोंड फिरवायची. पाणी तेवढं झऱ्याचं, तेही म्हणे पायांनीच प्यायची.

शिमगा आला. पालखी निघाली, ढोल वाजले, आणि मंडपाच्या तोंडाशी पालखी जड झाली. आठ गडी लागले, बारा लागले, हलेना. ढोल बंद पडले. तेव्हा धाकू पुढे आला. तो सगळ्यांसमोर ओरडला, "डिंक मी लावला! देवीचा नकार मी चिकटवून ठेवला!" असं म्हणतात की त्या क्षणी पालखी हलकी झाली, पण मंडपात गेली नाही. आपणहून राईकडे वळली.

धाकू बुंध्यापाशी जाऊन पडला, रडला, म्हणाला, "बाय, मला मार." देवकूबाय आता फार उंच होती. वरून आवाज आला, "मला काय सांगतोस? जिचं घर मोडलंस तिला सांग." धाकू शिडी लावून वर चढला. ढोलीच्या फटीला तोंड लावून त्याने पक्षिणीला सगळं सांगितलं. आतून चोच हलली नाही.

वैशाखात मातीचा लेप फुटला. मादी बाहेर आली, मागोमाग दोन पिल्लं. सगळा गाव जमला होता. पिल्लं उडाली तेव्हा लोकांनी वर हाक मारली, "बाय, आता हात खाली घे!" उत्तर आलं नाही. पाहतात तो बुंध्यावर किंजळ उभं, दोन फांद्या वर गेलेल्या, आणि त्यांच्या बेचक्यात ढोली. देवकूबायने धाकूला माफ केलं असं आमच्या गावात कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

तो मंडप आजही तीन खांबांवर आहे. चौथा कोपरा आम्ही मुद्दाम उघडा ठेवतो, पालखी तिथून राईकडे नेतो. राईबद्दल कौल लावणं तेव्हापासून बंद. माघ ते वैशाख राईजवळ ढोल नाही, कुऱ्हाड नाही, मोठ्याने बोलणं नाही. गावातली कुठलीही बाई बाळंत झाली की आधी एक उंबर किंजळाखाली ठेवतात, देवकूबायच्या नावाने.

आणि आमच्या घराला एक काम आहे. ढोली लिंपली गेली की घरातल्या एकाने शिडी लावून वर चढायचं, फटीला तोंड लावायचं आणि म्हणायचं, डिंक आमच्या घराने लावला. मी चाळीस वर्षं म्हटलं. यंदा गुडघे चालेनात, म्हणून सून गेली. परक्या घरची पोर, तिचा काय दोष? मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "मामंजी, या घरात आले म्हणजे हेही आलंच." पदर खोचून चढली, स्पष्ट आवाजात बोलली, आम्ही खाली मान घालून ऐकलं.

नर शेजारच्या फांदीवर बसून होता, चोचीत उंबर घेऊन. सून खाली उतरली, आम्ही शिडी काढली, पार देवळापर्यंत मागे आलो. मग तो ढोलीवर आला.