कुरलीचा वरचा रुपया

कान इकडे करा. डोळे मोठ्ठे करा. ऐकताय ना?

ओढ्याच्या काठी एक बीळ. बिळात राहते कुरली.

कुरली म्हणजे कोण? चिमुकली खेकडी! बटणाएवढी पाठ. आठ बारीक पाय. दोन इवल्या नांग्या. आणि चालते कशी? सरळ नाही हं. तिरकी!

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

आज गावात जत्रा. जत्रेत पाळणा. गोल गोल फिरणारा लाकडी पाळणा. वर जातो कर्र कर्र. खाली येतो झुईईई!

आईने कुरलीला दिली दहाची नोट. आई म्हणाली, "नऊ रुपयांचं खाजं खा. उरलेल्या रुपयात पाळण्यात बस. आणि पळ गो! ऊन उतरलं की पाळणा बंद."

कुरली निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

आलं गजाशेटचं दुकान. दुकानात खाज्याचा ढीग. गुळात घोळलेलं, कुरकुरीत खाजं.

"शेट, शेट, खाजं द्या!"

शेटनी खाजं दिलं. कुरलीने नोट दिली. कुडुम कुडुम! खाजं फस्त!

मग कुरलीने नांगी पुढे केली.

"शेट, शेट, रुपया द्या!"

शेट म्हणाले, "कसला रुपया? नऊ काय नि दहा काय, एकच! सुट्टे नाहीत गो बाय."

कुरलीने डोळे वर केले. शेटच्या मागे बरणी. बरणीत रुपयेच रुपये. खुळ खुळ खुळ!

"ते काय, तिथे आहेत सुट्टे!"

शेट पटकन बरणीच्या पुढे सरकले.

"एवढासा तर रुपया! त्याने काय होतं?"

कुरली म्हणाली, "एवढंसं असलं तरी ज्याचं त्याचं!"

"असं?" शेट म्हणाले. "मग आधी शेवंतामावशीला सांग. ती मला चमचाभर दूध कमी देते. माझा चहा काळाकुट्ट! तिने दूध दिलं, की मी देईन रुपया."

लांबून आवाज आला. कर्र कर्र… झुईईई!

"पाळण्या, थांब! मी आलेच!"

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

शेवंतामावशी दूध मोजत होती. मापाने दूध ओतायची, पण वरचं चमचाभर किटलीतच ठेवायची.

"मावशी, मावशी, दूध द्या!
दूध शेटला,
रुपया मला,
आणि मी पाळण्यात… झुईईई!"

मावशी म्हणाली, "एवढंसं तर दूध! त्याने काय होतं?"

"एवढंसं असलं तरी ज्याचं त्याचं!"

"मग आधी माझ्या म्हशीला सांग. ती एक धार कमी देते. तिने धार दिली, की मी देईन दूध."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

म्हैस बसली होती चिखलात. काळीभोर. डोंगराएवढी. कुरली तिच्या नाकाशी उभी राहिली.

"म्हशीताई, म्हशीताई, धार दे!
धार मावशीला,
दूध शेटला,
रुपया मला,
आणि मी पाळण्यात… झुईईई!"

म्हशीने एक डोळा उघडला. म्हैस म्हणाली, "हंऽऽ… एवढीशी तर धार! त्याने काय होतं?"

"एवढंसं असलं तरी ज्याचं त्याचं!"

"मग आधी बुधाजीकाकाला सांग. तो मूठभर गवत कमी टाकतो. त्याने गवत दिलं, की मी देईन धार. हंऽऽ…"

आणि म्हशीने डोळा मिटला.

लांबून आवाज आला. कर्र कर्र… झुईईई! ऊन पिवळं झालं.

"पाळण्या, थांब! मी आलेच!"

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

बुधाजीकाका झाडाखाली झोपले होते. तोंडावर टोपी. घुर्रर्र… फुस्स! घुर्रर्र… फुस्स!

कुरलीने त्यांच्या अंगठ्याला हळूच चिमटा काढला.

"आई गं!" काका उठून बसले. "कोण ते?"

"काका, काका, गवत द्या!
गवत म्हशीला,
धार मावशीला,
दूध शेटला,
रुपया मला,
आणि मी पाळण्यात… झुईईई!"

काका अंगठा चोळत म्हणाले, "एवढंसं तर गवत! त्याने काय होतं?"

"एवढंसं असलं तरी ज्याचं त्याचं!"

"मग आधी कुरणाला सांग. त्याच्या एका कोपऱ्यात हिरवी पातीच नाहीत. कुरणाने पाती दिली, की मी देईन गवत."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

कुरण होतं हिरवंगार. पण एक कोपरा? पिवळा. तिथली पाती माना टाकून बसलेली.

"कुरणा, कुरणा, पाती दे!
पाती काकांना,
गवत म्हशीला,
धार मावशीला,
दूध शेटला,
रुपया मला,
आणि मी पाळण्यात… झुईईई!"

कुरण कुजबुजलं, "एवढीशी तर पाती! त्याने काय होतं?"

"एवढंसं असलं तरी ज्याचं त्याचं!"

"मग आधी ओढ्याला सांग. या कोपऱ्याला तो ओंजळभर पाणी कमी देतो. त्याने पाणी दिलं, की मी देईन पाती."

लांबून आवाज आला. कर्र कर्र… झुईईई! ऊन आता नारिंगी झालं. आणि पाळणेवाली हौसाआत्या ओरडली, "चला चला! थोड्याच फेऱ्या राहिल्या!"

"आत्या, थांबा! मी आलेच!"

तुरुतुरु तिरकी! तुरुतुरु तिरकी! धावून धावून कुरलीचे पाय दुखले. सगळेच्या सगळे दुखले! तरी ती धावली.

"ओढ्या, ओढ्या, पाणी दे!
पाणी कुरणाला,
पाती काकांना,
गवत म्हशीला,
धार मावशीला,
दूध शेटला,
रुपया मला,
आणि मी पाळण्यात… झुईईई!"

ओढा म्हणाला, "एवढंसं तर पाणी! त्याने काय होतं?"

"एवढंसं असलं तरी ज्याचं त्याचं!"

"अगं, पण मी काय करू?" ओढा म्हणाला. "माझ्या वाटेत बसलाय एक खडा. तो सरकला, की मी देईन पाणी."

कुरलीने पाहिलं. खरंच की! कुरणाकडे जायची बारीक वाट. वाटेच्या तोंडाशी एक खडा. गोल, गुळगुळीत, ढेरपोट्या.

"खड्या, खड्या, सरक ना!
पाणी कुरणाला,
पाती काकांना,
गवत म्हशीला,
धार मावशीला,
दूध शेटला,
रुपया मला,
आणि मी पाळण्यात… झुईईई!"

खडा म्हणाला, "सरकू कसा? मला पाय आहेत का?"

कुरलीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. नुसता ओढा, नुसता खडा, आणि एवढीशी कुरली. ऊन लालेलाल झालं. कुरलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

खडा म्हणाला, "मला नाहीत पाय. पण तुला आहेत की! केवढे तरी आहेत!"

कुरलीने खाली पाहिलं. एका बाजूला चार पाय. दुसऱ्या बाजूला चार पाय. आणि पुढे दोन नांग्या!

"अय्या! आहेत की!"

कुरलीने नांग्या रोवल्या. पाय रोवले. आणि ढकललं.

हुंऽऽ! खडा हलला नाही.

हुंऽऽऽ! खडा जरासा हलला.

सरळ नको, तिरकं ढकलू या! हुंऽऽऽऽ…

डुबुक!

खडा घरंगळला! पाण्यात पडला! "वा! इथे किती गार आहे!" खडा म्हणाला.

आणि मग काय झालं माहितीये?

ओढ्याने दिलं पाणी. खळ खळ खळ!

कुरणाने दिली पाती. माना वर! सळ सळ सळ!

काकांनी घेतला विळा. खस खस खस! गवत दिलं म्हशीला.

म्हशीने खाल्लं. कचर कचर कचर! धार दिली मावशीला. चुर्र चुर्र चुर्र!

मावशीने दिलं दूध. चमचाभर वर!

शेटनी चहा ओतला. काळा नाही, छान तपकिरी! फुर्रर्र! शेटनी बशीतून घोट घेतला. फुर्रर्र! अजून एक घेतला.

"वा! काय चहा आहे!"

तेवढ्यात कोण आलं? तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी!

"शेट, शेट, रुपया द्या!"

शेटनी चहाकडे पाहिलं. मग कुरलीकडे पाहिलं. नांग्यांना चिखल. पाठीला चिखल. धापा टाकतेय. पण नांगी पुढेच!

शेट हळूच म्हणाले, "चमचाभर दुधाने चहा बदलला गो."

त्यांनी बरणी पुढे ओढली. झाकण काढलं. फट्!

"नऊ म्हणजे नऊ. दहा म्हणजे दहा. हा घे तुझा रुपया!"

टण्!

आणि दुकानापुढे गिऱ्हाइकांचा एकच गलका! "शेट, माझा पण!" "शेट, माझे दोन!" "माझा कालचा!" शेट देत सुटले. टण् टण् टण्! बरणी रिकामी झाली.

पण कुरली थांबली का? छे! ती कधीच पळाली होती. रुपया नांगीत घट्ट धरून.

तुरुतुरु तिरकी! तुरुतुरु तिरकी!

हौसाआत्या पाळण्याला दोर बांधत होती.

"आत्या, थांबा! हा घ्या रुपया!"

आत्याने वाकून पाहिलं. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. "अगो बाई! केवढीशी ही! किती चिखल! कुठून आलीस?"

"लांबून! खूप लांबून!"

"मग बस तर!" आत्याने दोर सोडला. "शेवटची फेरी! नांग्यांनी घट्ट धर हो!"

कुरली बसली. एकटी. सगळा पाळणा तिचा!

पाळणा वर निघाला. कर्र… कर्र… दुकानाच्या वर. कर्र… कर्र… माडाच्या वर! खाली ओढा चमकत होता. खाली कुरण डोलत होतं. म्हैस दिसत होती मुंगीएवढी! आणि कुरली? कुरली सगळ्यांत वर!

"आई! बघ! मी वर आले!"

आणि मग…

झुईईईईईईई!

पाळणा आला खाली,
पोटात गुदगुली झाली,
गोष्ट आमची न्हाली, झोपायला गेली!