रोज पाचवी जागणारा राजा

एकदा काय झालं, भद्रसेन राजाला लेक झाली. लग्नानंतर चांगल्या बारा वर्षांनी, बरं का! मग काय, राजाचा जीव सारखा त्या पाळण्यात.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. त्या रात्री सटवाई येते नि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून घरातल्यांनी जागायचं असतं. राजा जागला. सकाळी लेक पाळण्यात सुखरूप. राजा म्हणाला, "एक रात्र जागलो तर एवढं छान झालं. मग रोजच जागलो तर? पोरीच्या केसालाही धक्का लागायचा नाही!" आता याला काय म्हणावं? राजा झाला म्हणून अक्कल काही जास्त येत नाही हो.

मग त्याने हुकूम सोडला, "राजवाड्यात कुणी डोळ्याला डोळा लावायचा नाही!" दिवेलागणीला नगारे सुरू व्हायचे, मशाली पेटायच्या, आणि राजा तलवार घेऊन पाळण्याशी उभा.

तर पोरांनो, झोपूबाई नावाची एक म्हातारी असते. पाटीत सुईदोरा नि तेलाची बाटली घेऊन ती रोज घरोघर जाते. दमलेले पाय चोळते, दुखलंखुपलं शिवते, नि पोरांना हळूच तीळभर ओढून लांब करते. उंच व्हायचंय ना? मग तिच्या हाताखाली निजावं लागतं. ती राजवाड्याच्या दाराशी आली, तर नगाऱ्यांनी दचकली. खिडकीशी आली, तर मशालींनी तिचे डोळे दिपले. मग परसदाराने आली, तर राजाच तलवार उगारून अंगावर धावला! मग बापडी वेशीबाहेर करंजाच्या झाडाखाली जाऊन बसली.

महिना गेला. आचाऱ्याने शिऱ्यात साखरेऐवजी मीठ घातलं, नि राजाने तो चाटूनपुसून खाल्ला. मग सेनापती घोड्यावर उलटा बसला. हसा, हसा! पण मग राणी केतकीचं दूध आटलं. तेव्हा नाही कुणी हसलं. लेक रडून रडून लालबुंद व्हायची, नि दमून गप्प पडायची. बारशाला बांधलेला करदोरा एव्हाना घट्ट व्हायला हवा, तर तो कमरेवरून घसरून पायात आला. 

मग राजाने ठकू सुईणीला बोलावलं. राजालाही जन्मताना तिनेच हातात घेतलेलं, ती कशाला भिते? म्हणाली, "अरे मेल्या, पाचवी एकदाच जागायची असते! झोपेवाचून आईला दूध कुठून येणार? आणि लेकरू वाढणार कसं? जा, वेशीबाहेर करंजाखाली झोपूबाई बसलीय, तिचे पाय धर."

राजा तस्सा अनवाणी धावला. म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. "बाई, चल गं. माझी लेक हातची जाईल."

झोपूबाई म्हणाली, "येते. पण नगारे थांबव, मशाली विझव. आणि तलवार खाली ठेवून तूही डोळे मीट."

"मी? मग लेकीला कोण सांभाळणार?"

"मी. जगातली एवढी लेकरं रोज कोण सांभाळतं? तू?"

राजा घरी आला, नगारे थांबवले, मशाली विझवल्या. तलवार मात्र हातातून सुटेना. मग त्याने लेकीकडे पाहिलं. तिच्यात रडायचंही त्राण उरलं नव्हतं. मग ठेवली बाई एकदाची तलवार! आडवा झाला तो थेट घोरायलाच लागला.

जाग आली ती तिसऱ्या दिवशी. ताडकन उठला. "अरे देवा, मी झोपलो कसा?" पाहतो तर पाळणा रिकामा!  मागे वळला, तर राणी भिंतीला टेकून लेकीला पाजत बसलेली. लेक चुटूचुटू पीत होती, नि दूध गालावर ओघळत होतं.

राणी म्हणाली, "तीन दिवस झोपलात. आम्हीही निजलो. ही उठायची, प्यायची, परत निजायची."

"आणि काही झालं नाही?"

"काही नाही."

"काहीसुद्धा नाही?"

"अहो, काहीसुद्धा नाही!"

मग राजा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. सुटला गं बाई जीव! मग राजा, राणी, लेक, सगळी सुखात राहिली. तशी तुम्हीही राहा.

चला, मंदे, कूस बदल. आणि कोण रे तो डोळे किलकिले करून बघतोय? मी उशाशी बसलेय ना. काही होत नाही. निजा.