घरघंटीचा भाव

एका गावात शैलजाकाकू राहत होत्या. मनाने लोणी, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. पोटात आलं की ओठावर आलंच! गावाला त्याची सवय झाली होती, आणि काकूंना तर त्याचा थोडा अभिमानच होता. "मी बाई स्पष्टवक्ती," असं त्या स्वतःच सांगत सुटायच्या.

आता काकूंचे गुडघे ऐकेनात, म्हणून लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. घर रिकामं करायचं होतं. भंगारवाला कवडीमोल भाव सांगायला लागला, तशी काकूंनी त्याला हाकलून दिलं आणि सगळं सामान अंगणात मांडलं. पाट, पिंप, शिडी, पितळी डबे, वेताच्या खुर्च्या. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून लेकीने बँकेतून कार्डाचं मशीनही आणून दिलं. मशीन मोठं बोलकं होतं. कार्ड टेकवलं की खणखणीत आवाजात रक्कम सांगायचं. काकूंना ते भलतंच आवडलं. "अगदी माझ्यासारखं आहे, पोटात काही ठेवत नाही!" असं म्हणत त्यांनी त्याचा आवाज होता तेवढा वाढवून टाकला.

सामानात एक घरघंटी होती, घरच्या घरी पीठ दळायची. तिच्यावर सहा हजारांची चिठ्ठी होती. पण काकूंच्या मनात ती समोरच्या अनसूयेला द्यायची होती. अनसूयेचा नवरा गेल्या साली वारला. आळीतली दळणं घेऊन घर चालवावं, असा तिचा विचार होता. शिवाय काकू तापाने फणफणल्या होत्या, तेव्हा हीच त्यांच्या उशाशी बसली होती. काकू तिला म्हणाल्या, "अगं, घंटी फुकट ने."

"फुकट नको काकू. फुकटची वस्तू घरात पाहुण्यासारखी राहते."

"बरं बाई, मग जमेल ते दे."

रविवारी अंगणात ही गर्दी झाली. अनसूया धुवट साडी नेसून आली. तिने कार्ड टेकवलं आणि मशीन गरजलं, "पाचशे रुपये मिळाले!"

सगळ्यांच्या माना वळल्या. नानिवडेकरांच्या सूनबाई पितळी डबा हातात धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सहा हजारांची घंटी पाचशेत? मग आम्ही काय घोडं मारलंय काकू?"

इथे काकूंनी गप्प बसायचं होतं. 'माझी वस्तू, माझी मर्जी' एवढं म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. पण छे!

"अहो, तुम्हाला काय कमी आहे?" काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तिच्याकडे बघा. नवरा गेला, पदरात दोन पोरं, बिचारीला कोण आहे? म्हणून म्हटलं, ने बाई."

बायका चुकचुकल्या. घंटीकडे गेलेला अनसूयेचा हात मागे आला. "राहू दे काकू," एवढंच म्हणून ती निघून गेली. घंटी तिथेच राहिली.

काकूंना आधी रागच आला. भलं करायला जावं, तर हा नखरा! पण दुपारी त्या भरल्या ताटावरून उठल्या. त्या मशीनवरच खेकसल्या, "मेल्या, तुला हळू बोलता येत नाही?" त्यांनी त्याचा आवाज पार बंद केला आणि रस्ता ओलांडून अनसूयेच्या घरी गेल्या. ती तांदूळ निवडत होती.

"त्या मशीनने घोळ केला गं," काकू म्हणाल्या.

"काकू, मशीनला कुठे जीव आहे? मी पाचशे दिले, ते पाचशे म्हणालं. त्याची मला लाज नाही वाटली." अनसूयेने मान वर केली. "बिचारी तुम्ही म्हणालात."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या आणि गप्प बसल्या. एवढा वेळ गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. जीव नुसता गुदमरला, पण बसल्या.

शेवटी अनसूयाच बोलली. "घंटी मला हवी आहे. पण भाव मी सांगणार. पाचशे विसार धरा. बाकी म्हणून दर दिवाळीला चकलीची भाजणी लेकीच्या पत्त्यावर पोचेल. घंटी चालेल तोवर."

'अगं, कशाला एवढं? तुझीच ओढाताण...' हे शब्द काकूंच्या अगदी जिभेच्या टोकावर आले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आलेले शब्द गिळले. मग पदर खोचला.

"वा गं वा! सहा हजारांची घंटी नुसत्या चकलीवर? श्रावणात थालीपिठाची भाजणीही हवी."

"परवडत नाही काकू."

"मग राहिलं."

"बरं, थालीपिठाची एका वर्षाआड."

"पण खमंग हवी हो. करपली तर परत पाठवीन!"

"माझी भाजणी आजवर कधी करपलेली नाही," अनसूया फणकारली आणि मग तिला हसू फुटलं. काकूही हसल्या.

ऊन उतरायच्या आत दोघींनी घंटी तिच्या चाकांवर ढकलत अंगणातून बाहेर काढली. गर्दी होतीच. सूनबाईंनी लगेच विचारलं, "मग शेवटी कितीला दिलीत?"

मशीन गप्प होतं. काकूंनी सवयीने तोंड उघडलं, अनसूयेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "विचारू नका बाई! भाव करण्यात पक्की आहे ती. मलाच नमवून नेली."

अनसूया मान ताठ ठेवून घंटी ढकलत रस्ता ओलांडून गेली.

तात्पर्य: देताना हात सैल असावा आणि जीभ आवरलेली. घेणाऱ्याची मान खाली गेली, तर दिलेलं सारं वाया जातं.