'लगेच' या शब्दाला लागलेला शाप

एका राज्यात 'लगेच' या शब्दाला शाप होता. घोरांक मांत्रिकाच्या लेकीला सर्प डसला, तेव्हा तो तिला उचलून राजा सुकेतूकडे औषधी मुळी मागायला आला. राजा म्हणाला, "लगेच देतो," आणि पुन्हा सोंगट्यांत रमला. राजवाड्याच्या पायरीवरच मुलीने प्राण सोडला. घोरांक गरजला, "राजा, तुझ्या राज्यात आज्ञा आणि कृती यांच्यामध्ये तीन दिवस पडोत!"

तेव्हापासून राजाची आज्ञा ऐकणारा जागीच थिजे, आणि चौथ्या दिवशी हले.

अशी वर्षे गेली. एके सकाळी नगराच्या माथ्यावरच्या सरोवराचा बांध तडकला. राजा ओरडला, "बांधाची दारे उघडा, लगेच!" दारे ओढणारे शंभर गडी साखळ्या हातात धरून थिजले. बांध तर सूर्यास्तापर्यंतही टिकणार नव्हता.

राजकन्या कुवलया घोड्यावर बसली आणि शाप सोडवायला रानात घोरांकाकडे निघाली. तिला कोणी आज्ञा केली नव्हती, म्हणून तिचे हातपाय मोकळे होते.

रानाच्या तोंडाशी उंबरावर धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "कन्ये, या शब्दाचे कूळ ठाऊक आहे?"

"नाही."

"'लागणे' याच्या पोटी तो जन्मला. एकाला लागून दुसरे, मध्ये फट नाही. ती फट तुझ्या पित्याने पाडली. घोरांक तीनदा मागेल. बोलणे आणि करणे यांत श्वासाचेही अंतर ठेवू नकोस."

घोरांकाच्या झोपडीशी पोहोचून तिने शाप मागे घेण्याची विनवणी केली. त्याने उकळत्या कुंडातले पाणी मागितले. "लगेच," म्हणत तिने ओंजळ बुडवली. हात पोळले, पण पाणी सांडले नाही. त्याने तिची वेणी मागितली. शब्द ओठांवर असतानाच सुरी फिरली.

मग तो हळूच म्हणाला, "माझी लेक दे."

"लगेच, बाबा," कुवलया म्हणाली, आणि चुलीपाशी कित्येक वर्षे रिकाम्या असलेल्या पाटावर बसली.

घोरांक उभा होता तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला. "पोरी," तो म्हणाला, "शाप फिटला."

त्याच क्षणी शंभर गड्यांनी एकदम साखळ्या ओढल्या. दारे उघडली, पाणी गर्जत पाटांतून शेतांकडे धावले. नगर वाचले!

सुकेतू राजा अनवाणी रानात आला. घोरांकाच्या पायांवर मस्तक ठेवून म्हणाला, "तुमच्या लेकीचा मी अपराधी आहे."

घोरांकाने कुवलयेच्या पोळलेल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, "ऊठ राजा. हिच्या हातांना लेप लावायचा आहे, पाला वाटायला बस."

राजा पाला वाटू लागला.

तिसऱ्या प्रहरी नगारे झडले. गुलालाने रस्ते लाल झाले. हत्तीवर आखूड केसांची कुवलया बसली होती, हातांना लेप, आणि दोन्ही बाजूंना दोन बाप.