फाल्गुनातले धान

बाजारपेठेच्या एका गावी एकदा इराणहून आलेला एक गालिचेवाला बायकोसह भाड्याने राहू लागला. शेजारी एका वृद्ध आचार्यांचे घर होते. त्यांचा शिष्य विद्वान खरा. पण संशय आला की सगळी विद्या गुंडाळून ठेवी. शेजारी नुसता हसला, तरी याच्या मनात पाल चुकचुकायची.

एके सकाळी तो धावत आला. "गुरुजी, घात झाला! मी त्यांच्या खिडकीतून डोकावलो. फाल्गुन चाललाय, नवरात्र नाही, काही नाही, आणि ताटलीत गव्हाचं धान उगवलंय! त्याला लाल फीत, पुढे आरसा. आणि आरशातून दोन डोळे माझ्याकडे रोखून बघत होते! ही करणीच. घरमालकाला सांगून आलोय. आजच त्यांना बाहेर काढतोय तो."

आचार्य तडक शेजारी गेले. शिष्य मागोमाग. घरमालक दारात उभा होता आणि गालिचेवाल्याची बायको रडत भांडी बोचक्यात बांधत होती.

"मुली, हे धान कशासाठी?" आचार्यांनी विचारले.

"आमचं नवं वर्ष येतंय, बाबा. माझी आई दर वर्षी गहू उगवायची. म्हणून मीही..." तिने ताटली जवळ ओढली.

"थोडं मला देशील?"

तिने बिचकत चार पाती खुडून दिली. आचार्यांनी ती सर्वांदेखत आपल्या पगडीत खोवली. शिष्य मागे सरकला.

"गुरुजी, काढा ते! भारलेलं असेल!"

"दसऱ्याला घटातलं धान मी असंच खोवतो, तेव्हा तू वाकून नमस्कार करतोस," आचार्य म्हणाले. "तुझी आई घटाला पाणी घालताना घराचं भलंच मागते ना? हिच्या आईने दुसरं काय मागितलं असेल? सण वेगळ्या महिन्यात आला, एवढ्यावरून तू एक संसार रस्त्यावर आणलास."

"मग ते डोळे?" शिष्य चाचरला.

आचार्यांनी आरसा उचलून त्याच्यासमोर धरला. "हेच होते का बघ."

शिष्याची मान खाली गेली. घरमालक ओशाळून "राहा, बाई," म्हणाला आणि निघून गेला. शिष्य खाली बसून बोचक्याच्या गाठी सोडू लागला.

तिने मात्र त्याच दिवशी खिडकीला जाड पडदा लावला. तो पडदा निघायला दसरा उजाडावा लागला. त्या दिवशी शिष्य आपल्या घरच्या घटातले धान घेऊन तिच्या दारी उभा होता, खिडकीशी नव्हे.