खाडीपारचा निरोप

फार मागे खाडीकाठच्या रानात सगळ्यांचे निरोप बगळा पोचवी. स्वतः जाऊन सांगायची सवय कधीच मोडली होती. बगळ्याचं बिऱ्हाड पलीकडच्या काठावर, म्हणून शेजारच्या झाडाचा निरोपसुद्धा आधी खाडीपार जाई. तिथे कोल्हा तो कान लावून ऐके.

फारच बोंबाबोंब झाली, तेव्हा रानाची पंच असलेल्या घोरपडीने कायदा केला. ज्याचा निरोप त्याची परवानगी असेल, तरच तो खाडीपार जाईल. रान खूश झालं.

दुसऱ्या दिवशी खारीला बहिणीला कळवायचं होतं, की बोरं करवंदीच्या मुळाशी पुरली आहेत. बगळ्याने तिच्यापुढे वडाची चाळीस पानं मांडली.

"वाचा आणि पंजा उमटवा, ताई. नाहीतर निरोप जायचा नाही."

खार घाईत होती. तिने एकही पान न वाचता चाळीस पंजे उमटवले.

ओहोटी लागताच कोल्हा अलीकडे आला आणि बोरं उकरून खाऊन गेला. खार रडत घोरपडीकडे गेली. घोरपडीने सावकाश सगळी पानं चाळली.

"एकविसाव्या पानावर लिहिलंय, की कोल्हा ऐकेल. खालचा पंजा तुझाच ना?"

"माझाच, पण..."

"मग कायदा पाळला गेलाय, बाई. तरी तुझं दुःख मला कळतं. आजपासून कायदा आणखी कडक करते. पानं ऐंशी."

खार घरी आली. समोरच्या फांदीवर, एका उडीच्या अंतरावर, बहीण बसली होती. खारीने उडी मारली आणि नवी बोरं कुठे पुरणार ते तिच्या कानात सांगितलं.

खाली बगळा ऐंशी पानं सांभाळत ताटकळत उभा होता.